न फिटलेलं देणं : युद्धकाळातली कुपनं, टोकनं आणि त्यांची पारख



आप्पांच्या टेबलावर कुणी जुनी वस्तू ठेवली की ते आधी तिच्याकडे बघत नसत, आणणाऱ्याकडे बघत. ‘कुठं मिळाली?’ हा पहिला प्रश्न. मग भिंग डोळ्याशी धरायचे, वस्तू दोनदा फिरवायचे आणि दुसरा प्रश्न विचारायचे, ‘हे कोण कुणाचं देणं लागतंय?’

आज या व्याख्यानमालेत आप्पांच्या नावानं बोलायचं म्हटल्यावर मला त्या दुसऱ्या प्रश्नाशिवाय विषय सुचेना. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा माझ्या खिशात पुठ्ठ्याचा एक तुकडा होता. आगगाडीच्या जुन्या तिकिटापेक्षाही लहान, कडा गोल झालेल्या, हाताच्या मळानं चॉकलेटी पडलेला. रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात एका कुलुपं-किल्ल्यावाल्याकडे तो इतर रद्दीबरोबर पडला होता. विकणारा म्हणाला, ‘लढाईच्या टायमाचं हाय.’ वर गुजराती अक्षरं, काठेवाडातल्या एका संस्थानाचं नाव, एक पैसा अशी किंमत. मला ते कसलं तरी प्रवेशपत्र वाटलं होतं. आप्पा म्हणाले, ‘हा पैसा आहे. संस्थानाचा खजिना ज्याच्या हातात हे असेल त्याचं एक पैसा देणं लागतो. खजिन्यानं पैसा दिला असता तर हे कुपन परत गेलं असतं, जळलं असतं. तुझ्या हातात आलंय, म्हणजे तो पैसा कुणी मागायलाच गेलं नाही.’

मी हा छंद सुरू केला तो त्या वाक्यापासून.

नाण्याचं तसं नसतं. नाणं एका हातातून दुसऱ्या हातात जातं, झिजतं, पण कुणाकडे परत जायची त्याच्यावर सक्ती नसते. टोकन किंवा कुपन हे परत जाण्यासाठीच जन्माला येतं. काम पूर्ण झालं की ते नष्ट व्हायचं, हाच त्याचा करार. म्हणून युद्धकाळातल्या ज्या वस्तू आज आपल्यापर्यंत पोचल्या आहेत, त्यातल्या बऱ्याचशा आपलं काम अर्धवट राहिल्यामुळे वाचल्या आहेत. ओळख पटवताना आणि किंमत लावतानाही हे ध्यानात धरावं, असं मी गेली तीस वर्षं सांगत आलो आहे.

आता ही कुपनं आली कुठून ते बघू. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात जी टंचाई झाली त्यात धान्य आणि कापड यांची आठवण आपल्या घरांत अजून आहे. खुर्द्याची टंचाई मात्र लोक विसरले. १९४० साली रुपयातली चांदी सोळा आण्यांत पावणेपंधरा आण्यांच्या आसपास होती, ती निम्म्यावर आणली गेली. त्याच वर्षी एक रुपयाची नोट निघाली. तिच्यावर १९३५ सालच्या पाचव्या जॉर्जच्या रुपयाचं चित्र आहे, कारण ती आधीच तयार करून ठेवलेली होती. मग १९४१ ते १९४३ या काळात जुने चांदीचे रुपये टप्प्याटप्प्यानं चलनातून काढले, आधी व्हिक्टोरिया राणीचे, मग सातव्या एडवर्डचे, मग पाचव्या जॉर्जचे. लोकांनी काय केलं असेल? जे कुणीही करेल ते केलं. जुनं नाणं मडक्यात, नवं बाजारात. १९४२च्या मार्चमध्ये रंगून पडलं आणि ही साठवण रुपयावरून आण्यावर, आण्यावरून पैशावर उतरली. दुसरीकडे लष्कर वाढत होतं, भाव चढत होते, व्यवहार वाढत होते, आणि प्रत्येक व्यवहाराला मोड लागत होती. गरजेपेक्षा जास्त नाणी जवळ ठेवणं हा भारत संरक्षण नियमांखाली गुन्हा ठरवलेला होता. त्यानं नाणी बाहेर आली नाहीत.

सरकारचं उत्तर माझ्या हातात आहे. हा १९४३चा भोकाचा पैसा. मागच्या रांगेतल्यांनाही दिसेल असा मी तो उजेडाकडे धरतो, मधून उजेड येतोय. याच्या आधीचा पैसा ४.८६ ग्रॅमचा होता, हा दोन ग्रॅमसुद्धा भरत नाही. पूर्वी रुपयाच्या ६४ पैशांना तीनशे ग्रॅमच्या वर कांसं लागायचं, भोक पाडल्यावर आणि अंग बारीक केल्यावर सव्वाशे ग्रॅम पुरलं. राजाचा चेहरा यावर नाही, कारण चेहऱ्याच्या जागी भोक आहे. फक्त वर मुकुट ठेवला आहे. तो मुकुटही सगळ्या पैशांवर सारखा नाही, कुठं त्याचा माथा गोल आहे, कुठं चपटा, आणि संग्राहक तेवढ्यावरून प्रकार वेगळे काढतात. खाली बारीक ‘एल’ असेल तर तो लाहोरच्या टांकसाळीचा, जी युद्धाच्या गरजेपायी १९४३ साली सुरू झाली. हैदराबाद संस्थानानंही आपलं दोन पैचं नाणं भोक पाडून काढलं, मराठवाड्यातल्या घरांत ते अजून सापडतं. आणि आपली मुंबईची टांकसाळ? ती याच काळात ऑस्ट्रेलियाच्या पेन्या आणि अर्ध्या पेन्याही पाडत होती. १९४२ आणि १९४३ सालच्या त्या पेन्यांवर राजाच्या चेहऱ्याखाली बारीकसं ‘आय’ अक्षर आहे, म्हणजे इंडिया. सिडनी-मेलबर्नकडे राहणाऱ्या आपल्या मुलांना सांगा, तिथल्या जुन्या नाण्यांच्या दुकानात भिंग घेऊन जा म्हणावं. फोर्टातून निघालेली नाणी आहेत ती.

भोकाचा पैसा येईपर्यंत आणि आल्यावरही काही काळ लोकांनी आपापली सोय केली. मोड म्हणून पोस्टाची तिकिटं दिली गेली, दुकानदारांनी चिठ्ठ्या दिल्या. रुपयाची मोड घ्यायची तर बट्टा द्यावा लागे. काठेवाड आणि राजपुतान्यातल्या कित्येक संस्थानांनी पुठ्ठ्याची किंवा जाड कागदाची रोख कुपनं छापली. मोरवी, जुनागड, गोंडल, नवानगर, पालिताणा, बुंदी, बिकानेर ही नावं आमच्या छंदात रोज घेतली जातात. एक पैसा, अर्धा आणा, एक आणा अशा किमती. छपाई साधी, आकार लहान, कागद मिळेल तो. ज्यांनी ती छापली त्यांना वाटलं होतं की वर्ष-दोन वर्षांत ती परत येतील आणि विषय संपेल.

आता पारखीकडे येतो. माझ्या मते अशा कुपनाच्या तीन अवस्था असतात. पहिलं फिटलेलं देणं. कुपन परत आलं, पैसे दिले गेले, त्यावर शिक्का मारला किंवा भोक पाडलं, कोपरा कापला, आणि कुठल्या तरी दप्तरात ते बांधून ठेवलं गेलं. दुसरं न फिटलेलं देणं, माझ्या त्या मळक्या तुकड्यासारखं. तिसरं, जे देणं कधी झालंच नाही. छापखान्यातून गठ्ठा आला, कपाटात राहिला, युद्ध संपलं, संस्थान विलीन झालं आणि पुढं कधी तरी गठ्ठा रद्दीत निघाला. अशा कुपनांवर शिक्का नसतो, सही नसते, अनुक्रमांक लागोपाठ असतात आणि कडा सुरीसारख्या धारदार असतात.

बाजारात सर्वांत जास्त किंमत या तिसऱ्याला मिळते. कोरं आहे, देखणं आहे, अल्बममध्ये शोभतं. दर्जा ठरवण्याची आपली सगळी रीत नाण्यांवरून आणि नोटांवरून आलेली आहे, आणि तिथं कोरेपणाला मान आहे, तो योग्यच आहे. पण कुपनाला ती मोजपट्टी लावली की उलटा न्याय होतो. जे एकदाही कुणाच्या हातात गेलं नाही, ज्यानं पावशेर मीठसुद्धा आणलं नाही, ते वरच्या दराचं. आणि ज्यानं टंचाईच्या दिवसांत कुणाची तरी चूल पेटवायला मदत केली ते ‘खराब अवस्था’ म्हणून टोपलीत. मी तरुण संग्राहकांना आग्रहानं सांगतो, शिक्का असलेलं, वापरलेलं, घडी पडलेलं कुपन आधी घ्या. कोऱ्यांचा गठ्ठा उद्या आणखी एखाद्या कपाटातून निघू शकतो आणि भाव एका दिवसात पडू शकतो. वापरलेल्याचा गठ्ठा निघत नाही.

इथं एक घोटाळा नेहमी होतो, तो सांगायला हवा. कुपन म्हटलं की सगळं एकच समजतात. मुंबईत २ मे १९४३ रोजी रेशनिंग सुरू झालं, देशातल्या शहरांत सर्वांत आधी. तेव्हापासून घराघरात रेशनची कार्डं आणि कुपनं आली. पण रेशनचं कुपन म्हणजे पैसा नव्हे. ते वस्तू विकत घेण्याची परवानगी आहे, पैसे वेगळे मोजावे लागत. त्यात कुणी कुणाचं देणं लागत नाही, फक्त हक्क आहे. त्यामुळे ‘किंमत’ असा शब्द किंवा आणे-पैसे छापलेले असतील तर रोख कुपन, आणि वजन, माप, आठवडा, युनिट असं छापलेलं असेल तर हक्काचं कुपन. दोन्ही मोलाची आहेत, पण एकाच पानावर चिकटवू नयेत.

अमेरिकेतून येणारी आपली मंडळी अधूनमधून मला लाल आणि निळ्या रंगाच्या छोट्या गोल चकत्या दाखवतात. रुंदी १६ मिलिमीटर, शर्टाच्या बटणाएवढ्या, दाबलेल्या तंतूंच्या. इथं काही ठिकाणी त्या ‘दुसऱ्या महायुद्धातलं लष्करी टोकन’ म्हणून खपवल्या जातात. त्यांचा लष्कराशी संबंध नाही. १९४४च्या फेब्रुवारीअखेर तिथल्या किंमत-नियंत्रण कार्यालयानं त्या काढल्या. तिथं रेशनचं तिकीट दहा पॉइंटांचं, आणि गिऱ्हाईकानं सात पॉइंटांचं मांस घेतलं तर उरलेले तीन परत कसे द्यायचे? म्हणून लाल चकत्या मांस आणि चरबीसाठी, निळ्या डबाबंद भाजी-फळांसाठी. विचार करा, रेशनच्या तिकिटाची मोड! एकेका चकतीवर एकाच्या आकड्याच्या दोन बाजूंना एकेक अक्षर आहे. लाल रंगात अशा ३० जोड्या आहेत, निळ्यात २४. संग्राहकाची सगळी गंमत त्या जोड्या पुऱ्या करण्यात. पण या चकत्या सुमारे दोन अब्ज निघाल्या होत्या. ऐंशी वर्षं जुन्या असल्या तरी एकेक सुटी चकती स्वस्तच मिळते, आणि मिळायला हवी. वस्तू किती जुनी यापेक्षा किती निघाल्या, किती परत गेल्या आणि किती उरल्या, हा हिशेब किंमत ठरवतो.

तिसरा प्रकार छावण्यांचा. आपल्या महाराष्ट्राशी त्याचं नातं जवळचं आहे. पहिल्या महायुद्धात अहमदनगरला जर्मन लोकांची छावणी होती. दुसऱ्या महायुद्धातही नगरला आणि देवळालीला नजरकैदी ठेवले होते. पुढं तिबेटात गेलेला ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिख हारर या दोन्ही ठिकाणी राहून मग डेहराडूनच्या छावणीत गेला आणि १९४४च्या एप्रिलमध्ये तिथून निसटला. इटालियन युद्धकैदी तर हजारोंच्या संख्येनं हिंदुस्थानात होते, कांगड्यातल्या योलला, भोपाळजवळ, बंगळूरला. कैदी अधिकाऱ्यांना आंतरराष्ट्रीय करारानुसार पगार द्यावा लागे, पण तो रोख दिला तर पळून गेल्यावर तोच पैसा कामाला येणार. म्हणून फक्त छावणीच्या आतल्या दुकानात चालणारी कुपनं. कुंपणाच्या आत रुपया, बाहेर कागदाचा कपटा. यांवर बहुधा छावणीचं नाव शिक्क्यानं उठवलेलं असतं, आणि तो शिक्का हीच त्यांची ओळख. शिक्का गेला की ते कुपन कुठल्याही छावणीचं असू शकतं, म्हणजे कुठल्याच नाही.

हे मी इतक्या ठासून सांगतो त्याला कारण आहे. असं एक कुपन मला एका जुन्या अल्बमच्या पानावर चिकटवलेलं मिळालं. मागं जांभळा शिक्का असल्याचं कागदातून अंधुक दिसत होतं. तो वाचायची मला घाई झाली. पोस्टाची तिकिटं पाण्यात भिजवून सोडवायची सवय हाताला होती, म्हणून बशीत कोमट पाणी घेतलं आणि कुपन त्यात सोडलं. गोंद सुटायच्या आधी शाई सुटली. पाणी आधी फिक्कट झालं, मग जांभळं. मी चिमट्यानं ते बाहेर काढलं तेव्हा मागं एक ढगासारखा डाग होता आणि त्यात अर्धगोल ओळीची एक कड. मी आप्पांकडे ते घेऊन गेलो. ते रागावले नाहीत. कितीतरी वेळ भिंगातून बघत राहिले आणि म्हणाले, ‘आता याला कुणी काही विचारू शकत नाही.’ त्यानंतर आजवर मी कुठलीही कागदी वस्तू पाण्याजवळ नेलेली नाही. चिकटलेलं असेल तर पानासकट ठेवा. कोपरे कात्रीनं सरळ करू नका. आणि हात जोडून सांगतो, लॅमिनेशन करू नका. ते प्लास्टिक पुन्हा कागदापासून सुटत नाही, आणि कागदाचा पोत, छपाईचा दाब, शाईचा थर हे सगळे साक्षीदार कायमचे आत कोंडले जातात.

पितळी टोकनांना हाच नियम. चिंच-मीठ लावून घासलं की ते देवघरातल्या समईसारखं लखलखतं, आणि ज्या काळपट थरावरून वय कळलं असतं तो थर मोरीत जातो. गिरण्या, गोद्या, रेल्वेची आवारं इथं पितळेचे बिल्ले पूर्वीपासून चालत. त्यातला युद्धकाळातला कुठला, हे बिल्ला स्वतः क्वचितच सांगतो. शेजारी कागद लागतो, हजेरीचं पत्रक, पगाराची पावती, एखादा फोटो. म्हणून घरातल्या बिल्ल्याबरोबर जे कागद असतील ते वेगळे करू नका. बिल्ला तुमच्याकडे आणि कागद रद्दीत, असं झालेलं मी फार पाहिलं आहे.

बनावट मालाबद्दल थोडं. साच्यात ओतलेल्या टोकनाच्या अंगावर भिंगातून बारीक खड्डे दिसतात आणि काठावर जोडाची रेघ असते, ठोकून काढलेल्याची अक्षरं धारदार असतात. कागदी कुपनावर खिळ्यांच्या छपाईचा दाब मागून बोटाला लागतो. रंगीत प्रिंटरनं काढलेलं असेल तर भिंगाखाली ठिपके दिसतात. आणि अतिनील दिवा जवळ ठेवाच. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून जी चमकणारी रसायनं घालतात ती युद्धानंतर, पन्नाशीच्या सुमारास रुळली. १९४३चं म्हणून दिलेलं कुपन दिव्याखाली निळंशार चमकलं तर पुढची चर्चा थांबवा.

आझाद हिंदच्या नावानं होणाऱ्या फसवणुकीचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं, कारण तिथं गिऱ्हाईक श्रद्धेनं येतं. आझाद हिंद बँकेच्या नोटा म्हणून जे फिरतं त्यातलं पुष्कळसं नव्यानं छापलेलं असतं. आझाद हिंदची टपाल तिकिटं मात्र खरी आहेत, १९४३ साली बर्लिनच्या सरकारी छापखान्यात छापलेली. पण ती टपालात कधी वापरली गेलीच नाहीत. तेव्हा शिक्का मारलेलं, ‘पत्रावरून काढलेलं’ आझाद हिंद तिकीट कुणी दाखवलं तर तिकीट खरं असेल, शिक्का खोटा. मघाशी मी कुपनांबद्दल वापरलेल्याची बाजू घेतली, इथं उलट आहे. इथं कोरं हेच खरं, कारण हे देणं सुरूच झालं नव्हतं. आप्पांचा प्रश्न दोन्ही ठिकाणी बरोबर उत्तर देतो.

किमतीचं बोलल्याशिवाय तुम्ही मला सोडणार नाही. मोबाइलवर जुन्या नाण्याला लाखो रुपये देण्याच्या जाहिराती येतात. त्यात रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून शुल्क मागितलं जातं, आणि असले व्यवहार आपण करत नाही असं बँकेनं २०२१च्या ऑगस्टमध्ये जाहीरपणे सांगितलं आहे. खरी किंमत बघायची तर लिलावांची निकालपत्रं बघा. मागितलेली किंमत म्हणजे किंमत नव्हे, मिळालेली किंमत खरी. तीही एका लिलावाची नको, चार-पाच लिलावांची घ्या, कारण दोन हट्टी माणसं समोरासमोर आली की एखाद्या दिवशी भाव वेडावतो. संस्थान कुठलं, किंमत कुठली, शिक्का आहे का, आणि वस्तू कुठून आली हे सांगता येतं का, या चार गोष्टी लिहून मगच आकडा लिहा. मूळ ठिकाणाची नोंद असलेलं मळकं कुपन मी नोंद नसलेल्या देखण्या कुपनाच्या वर मांडतो. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राच्या संशोधनाची संस्था आहे, मुंबईत रिझर्व्ह बँकेचं नाणे संग्रहालय आहे. तिथं जा, बघा, डोळा तयार होतो.

एक कायद्याची बाब परदेशी राहणाऱ्यांसाठी. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी नाणी आणि कलावस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. पहिल्या महायुद्धातल्या वस्तू आता ती रेषा ओलांडून गेल्या आहेत. आजोबांच्या पेटीतलं काही सुटकेसमध्ये टाकण्याआधी चौकशी करा.

बाहेरच्या पडवीत टेबलावर काही वस्तू मांडल्या आहेत, सगळ्या बघून जा. कागद आहेत त्यांना कडेनं धरा, हात कोरडे असू देत. आप्पांचं भिंग तिथंच ठेवलं आहे. जुन्या बाजारातलं ते मळकं एक पैशाचं कुपन डावीकडे पहिलं आहे. आणि त्याच्या शेजारी मी बशीत धुतलेलं कुपन मुद्दाम उपडं ठेवलं आहे. दिवा तिरका धरला तर शिक्क्याची अर्धगोल कड अजून दिसते. तिच्यातलं एखादं अक्षर कुणाला लागलं, तर मला आवाज द्या.